उणीव शक्तीची नव्हे, आवर घालणाऱ्यांची

दमा, नाकाचे वावडे किंवा वर्षानुवर्षे न हटणारी सर्दी घेऊन येणारा आपल्या भागातील रुग्ण आपले निदान बहुधा स्वतःच करून आलेला असतो. "डॉक्टर, पोराची प्रतिकारशक्ती कमी आहे, ती वाढायचं काहीतरी लिहून द्या." निपाणीच्या बाजारपेठेतील व्यापारी, चिकोडीकडील ऊस उत्पादक शेतकरी आणि बेळगावच्या टिळकवाडीतील उच्चशिक्षित कुटुंब यांच्या बोलण्याची धाटणी निराळी असली, तरी मागणी एकच असते. कन्नड भाषक रुग्णही आपल्या भाषेत हेच सांगतो. २०२० च्या महासाथीनंतर तर 'इम्युनिटी' हा शब्द किराणा दुकानाच्या फळीवरील काढ्यापासून च्यवनप्राशापर्यंत सर्वत्र छापला गेला आणि ही समजूत पक्की झाली. खेदाची गोष्ट अशी, की आपल्या व्यवसायातील बरीच मंडळी टॉनिकची एक बाटली लिहून देऊन या समजुतीवर मान्यतेची मोहोर उमटवतात.

सीमाभागात अनेक वर्षे सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करीत असताना माझे असे मत बनले आहे, की या एका गैरसमजाने दम्याच्या रुग्णांचे जितके नुकसान केले, तितके औषधांच्या किमतींनीही केले नसेल. वावड्याच्या रुग्णाची प्रतिकारयंत्रणा दुबळी नसते. ती नको तिथे आणि नको तितकी सक्रिय असते, आणि तिला वेळीच थांबवणाऱ्या पेशी कमी पडत असतात. या 'नियामक टी-पेशीं'विषयी गेल्या तीस वर्षांत हाती आलेले ज्ञान प्रयोगशाळेपुरते ठेवण्यासारखे नाही. रुग्णाशी आपण रोज ज्या भाषेत बोलतो, ती भाषाच त्या ज्ञानाने बदलली पाहिजे, असा आग्रह मी या लेखातून धरणार आहे.

नाक्यावरचा पहारा

'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडवला. मराठीत 'वावडे' हा नेमका शब्द पूर्वापार आहे. चारचौघांना जे चालते ते एखाद्याच्या शरीराला सोसत नाही, हा त्याचा अर्थ. १९६६ साली इशिझाका दांपत्याने आयजीई हे प्रतिपिंड शोधून काढले आणि वावड्याची साखळी उलगडू लागली. परागकण किंवा घरच्या धुळीतील सूक्ष्म किड्यांचे कण श्वासावाटे आत जातात. तेथील पेशी त्यांचे तुकडे टी-पेशींपुढे मांडतात. या टी-पेशी 'दुसऱ्या प्रकारच्या' साहाय्यक पेशी बनल्या, तर त्या इंटरल्युकिन-४, ५ आणि १३ हे संदेश पाठवतात. चौथ्यामुळे आयजीई वाढते, पाचव्यामुळे इओसिनोफिल पेशींची गर्दी जमते, आणि तेराव्यामुळे चिकट स्राव वाढून श्वासनलिका हुळहुळी होते. एवढा सगळा पसारा कशासाठी, तर ज्याच्यापासून काडीचाही धोका नाही अशा एका परागकणासाठी!

आपण सीमेवरची माणसे. ही गोष्ट समजायला आपल्याला कोगनोळीचा नाका पुरेसा आहे. २०२१ साली महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्या प्रवाशांकडे तेथे आरटीपीसीआरचा अहवाल मागितला जात असे. पहाऱ्याचे काम दुहेरी असते, हे तेव्हा सर्वांनाच उमगले असेल. कोणाला अडवायचे हे जितके कळले पाहिजे, तितकेच कोणाला न अडवता पुढे जाऊ द्यायचे हेही कळले पाहिजे. दुधाची गाडी आणि भाजीचा टेम्पोही रोखून धरला, तर रोग काही अडत नाही. रस्ता मात्र तुंबतो. दम्यात श्वासनलिकेची हीच गत होते. अशा नाक्यावर आणखी शिपाई पाठवून कोंडी सुटत नाही. 'हा आपलाच माणूस आहे, जाऊ द्या' असे सांगणारा जाणता अधिकारी तिथे हवा असतो. नियामक टी-पेशी म्हणजे तो अधिकारी होय.

नाकारली गेलेली आणि पुन्हा सापडलेली पेशी

प्रतिकाराला दाबून धरणाऱ्या टी-पेशी असल्या पाहिजेत, हा विचार अमेरिकेतील येल विद्यापीठाचे रिचर्ड गर्शन यांनी १९७० च्या सुमारास मांडला. काही वर्षे त्याची मोठी चलती होती. पुढे १९८० च्या दशकात, ज्या जनुकावर या कल्पनेची भिस्त होती ते अपेक्षित जागी सापडेना, आणि हा सगळा विषयच बदनाम झाला. आपल्यापैकी जी मंडळी त्या काळात शिकली, त्यांना 'सप्रेसर' पेशींचा उल्लेख वर्गात ऐकल्याचे आणि नंतर तो पाठ्यपुस्तकातून गळाल्याचे स्मरत असेल.

जपानचे शिमोन साकागुची मात्र या वाटेवरून हटले नाहीत. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी थायमस ग्रंथी काढलेल्या उंदरांचे शरीर पुढे स्वतःच्याच अवयवांवर उलटते, आणि निरोगी उंदराच्या टी-पेशी दिल्या की हे टळते, या निरीक्षणाचा त्यांनी पिच्छा पुरवला. १९९५ साली त्यांनी सीडी-२५ ही खूण बाळगणाऱ्या पेशींचा एक गट ओळखून दाखवला. २००१ साली मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या संशोधनातून फॉक्सपी-३ हे जनुक पुढे आले. आजारी, खवलेदार कातडीच्या एका उंदराच्या जातीत ते बिघडलेले होते; आणि तेच जनुक बिघडलेल्या मुलग्यांना 'आयपेक्स' नावाचा दुर्मीळ, जीवघेणा आजार होतो. २००३ साली हे जनुकच नियामक पेशींचे सूत्रधार असल्याचे सिद्ध झाले. या कार्यासाठी ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वावड्याच्या दृष्टीने आयपेक्सची ही मुले फार काही शिकवून जातात. त्यांच्यात मधुमेह आणि आतड्यांचा दाह असतोच. शिवाय तीव्र इसब, अन्नाचे वावडे आणि रक्तात भरमसाट आयजीई आढळते. लढणाऱ्या पेशी सगळ्या जागेवर आहेत, आवर घालणाऱ्या तेवढ्या नाहीत, आणि शरीर जगातल्या निरुपद्रवी वस्तूंशी युद्ध पुकारते. 'प्रतिकारशक्ती कमी म्हणून ॲलर्जी' या समजुतीला निसर्गाने दिलेले याहून स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही.

श्वासनलिकेतील पुरावा

दुर्मीळ आजारावरून रोजच्या दम्याकडे उडी मारणे बरोबर नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. म्हणून दोन-तीन अभ्यास पाहू. २००४ साली लंडनच्या संशोधकांनी दाखवले, की वावडे नसलेल्या व्यक्तींच्या नियामक पेशी गवताच्या परागांविरुद्धची प्रतिक्रिया नीट दाबतात. वावडे असलेल्यांच्या पेशी त्यात कमी पडतात, आणि परागांच्या मोसमात त्या आणखीच कमी पडतात. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधून प्रसिद्ध झालेल्या कामात असे दिसले, की निरोगी माणसाच्या रक्तातही परागांना ओळखणाऱ्या टी-पेशी असतातच. पण त्यांत इंटरल्युकिन-१० स्रवणाऱ्या, म्हणजे शांत करणाऱ्या, पेशींचे प्राबल्य असते. निरोगी माणूस परागकण 'ओळखत नाही' असे नाही. तो ओळखतो आणि सोसतो.

तिसरा अभ्यास २००७ सालचा, म्युनिकमधील दमेकरी मुलांचा. त्यांच्या फुप्फुसांतून काढलेल्या द्रवात नियामक पेशी संख्येने कमी होत्या आणि कामालाही उण्या होत्या. श्वासावाटे स्टिरॉइड सुरू केल्यावर त्यांची संख्या वाढली आणि त्यांचे कामही सुधारले. या निष्कर्षाकडे मी पुन्हा वळणार आहे.

या पेशी काम कसे करतात? त्या इंटरल्युकिन-१० आणि टीजीएफ-बीटा ही शामक द्रव्ये सोडतात. लढाऊ पेशींना वाढीसाठी लागणारे इंटरल्युकिन-२ स्वतःच फस्त करतात. सीटीएलए-४ या रेणूच्या साहाय्याने चिथावणी देणाऱ्या पेशींच्या अंगावरची चिथावणीची चिन्हेच काढून घेतात. आणि बी-पेशींना आयजीईऐवजी आयजीजी-४ या सौम्य प्रतिपिंडाकडे वळवतात.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. सगळे अभ्यास एकाच सुरात बोलत नाहीत. काहींना दमेकऱ्यांच्या रक्तात या पेशींची संख्या कमी आढळली नाही. प्रत्येक दमा वावड्याचा नसतो. शिवाय या पेशींची रक्ततपासणी करून औषध ठरवावे, अशी कोणतीही चाचणी आज आपल्या व्यवहारात नाही. कोणी ती विकू लागले, तर रुग्णाचे पैसे वाचवणे हे आपले कर्तव्य ठरेल.

दवाखान्यात याचा उपयोग काय?

पहिला उपयोग पंपाची भीती घालवण्यासाठी. 'पंपाची सवय लागते', 'तो शेवटचा उपाय आहे', 'आतून शक्ती आली की पंप सुटेल', ही वाक्ये आपण रोज ऐकतो. म्युनिकच्या अभ्यासाच्या आधारे आता रुग्णाला सांगता येते, की श्वासावाटे दिलेले अल्प मात्रेतील स्टिरॉइड सूज तर उतरवतेच, शिवाय श्वासनलिकेतील आवर घालणाऱ्या पेशींनाही सावरायला मदत करते. 'मग गोळीच द्या की' असे तो म्हणेल. गोळी आणि इंजेक्शन साऱ्या शरीरावर परिणाम करतात. हाडे, साखर, डोळे यांचे मोल त्यासाठी द्यावे लागते. पंपातील औषध सूक्ष्म मात्रेत थेट जागेवर पोहोचते. म्हणूनच २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक सूचनांनी प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना केवळ साल्ब्युटामॉलवर ठेवू नये असे स्पष्ट सांगितले आहे. आपल्याकडे मात्र साल्ब्युटामॉलच्या स्वस्त गोळ्या आणि नाव नसलेल्या पुड्या अजून खपतात. चार पुड्यांत दमा गायब झाला, भूक वाढली आणि चेहरा गोल झाला, तर त्या पुडीत काय आहे हे कोणत्याही डॉक्टरला सांगावे लागू नये.

दुसरा उपयोग प्रतिकार-शिक्षणाच्या उपचाराकडे नव्याने पाहण्यासाठी. लेनर्ड नून यांनी १९११ साली 'लॅन्सेट'मध्ये गवताच्या परागांचा अर्क थोड्या-थोड्या मात्रेने टोचण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. तो का लागू पडतो हे समजायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली. वाढत्या मात्रेने वावड्याची वस्तू दिली की नियामक पेशी आणि आयजीजी-४ वाढतात, आणि तीन-चार वर्षांच्या उपचारानंतर तो थांबवला तरी लाभ टिकू शकतो, हे १९९९ साली गवताच्या परागांबाबत दाखवले गेले. वावड्याच्या मुळाशी जाणारा हा उपचार आहे. पण आपल्याकडे त्याची अवस्था केविलवाणी आहे. रक्ताची महागडी यादी करून त्यात आढळलेल्या दहा-पंधरा वस्तूंचे मिश्रण मागवायचे आणि ते बेतशुद्ध निवडीशिवाय टोचत राहायचे, याला विज्ञान म्हणता येणार नाही. लक्षणांशी जुळणारे एक-दोन घटक, प्रमाणित अर्क, दमा आधी आटोक्यात, टोचल्यावर अर्धा तास निरीक्षण आणि हाताशी ॲड्रिनलिन, एवढी पथ्ये पाळता येत नसतील तर या वाटेला जाऊ नये.

तिसरा उपयोग 'शक्तिवर्धका'ला नाही म्हणण्यासाठी. नियामक पेशी वाढवणेही सोपे नाही, हे जगाने २००६ च्या मार्चमध्ये लंडनला पाहिले. टीजीएन-१४१२ या प्रतिपिंडाने नियामक पेशी वाढतील अशी अपेक्षा होती. ते सहा निरोगी स्वयंसेवकांना दिले गेले आणि काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. सुदैवाने सर्व वाचले. प्रतिकारयंत्रणा ही तराजूसारखी आहे. एका पारड्यात आंधळेपणाने वजन टाकणे धोक्याचेच. आपल्या भागात क्षयरोग अजून आहे, आणि क्षयात वाढलेल्या नियामक पेशी जंतूंच्याच पथ्यावर पडतात, हेही विसरता कामा नये. मग पन्नास-शंभर रुपयांच्या बाटलीने हा तोल साधेल, असे आपण कोणत्या तोंडाने सांगायचे?

आपल्या हवेचे प्रश्न

पेशींना शिकवण शरीराच्या आतून मिळते तशी भोवतालातूनही मिळते. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो हे आपल्यासारखेच शेतीच्या प्रदेशातील शहर. तेथील मुलांच्या २०१० मधील अभ्यासात असे दिसले, की प्रदूषित हवेत वाढणाऱ्या मुलांत फॉक्सपी-३ जनुकावर रासायनिक कुलूप बसते, नियामक पेशी मंदावतात आणि दमा बळावतो. जनुक जन्माचे, पण त्यावरचे कुलूप हवेने घातलेले!

आता आपल्याकडे पाहू. गळीत हंगामात ऊस तुटला की रात्री शेताशेतांतून पाचट पेटते. गुऱ्हाळाच्या चुलाणाचा धूर आहे, घरच्या चुलीचा आहे, पुणे-बंगळूर महामार्गावरील ट्रकांचा आहे. पुण्यात १९५६ साली नोंदले गेलेले गाजर गवत आज प्रत्येक बांधावर आहे, आणि त्याच्या परागांमुळे नाकाचे वावडे होते हे बंगळूरच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. बेळगावच्या पावसाळ्यात ओलसर भिंतींवर बुरशी धरते ती निराळीच.

आणि निपाणीची तंबाखू. १९८१ च्या शेतकरी आंदोलनाने हे गाव देशाला माहीत झाले; वखारीत राबणाऱ्या स्त्रियांच्या हालांवर युगांतर या गटाने १९८२ साली माहितीपटही केला. तंबाखू चाळताना, झोडपताना उडणारी धूळ ज्यांच्या नाकातोंडात रोज जाते, त्या स्त्रियांचा खोकला सरसकट 'ॲलर्जी' म्हणून नोंदवू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यात वावडे असेल, धुळीचा निव्वळ दाह असेल, चुलीच्या धुराने जडलेला जुनाट श्वासरोग असेल, क्षयही असेल. थुंकीची तपासणी आणि फुंकर-चाचणी यांशिवाय हा निवाडा होत नाही. पण त्यासाठी आधी 'तुम्ही काम काय करता?' हा प्रश्न केसपेपरवर यायला हवा. तो बहुतेक केसपेपरांवर नसतो.

लोक मृग नक्षत्राला हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळतात, कोजागरीला चांदण्यातली औषधी खीर खातात. त्यांची चेष्टा करण्यात मला स्वारस्य नाही. वर्षातून एकदा ज्याला कोणी दोन तास रांगेत उभे राहण्याइतका विश्वास देतो, त्याला आपण पंप कसा ओढायचा हे दाखवायला पाच मिनिटे देत नाही, हा विचार आपण करायचा आहे. पुरातन आहाराचेही तसेच. तंतुमय अन्नातून आतड्यातील जंतू जी आम्ले बनवतात ती नियामक पेशींना पोषक ठरतात, हे २०१३ नंतर उंदरांत चांगले सिद्ध झाले. म्हणून ज्वारीची भाकरी, कडधान्ये आणि पालेभाजी यांची शिफारस आनंदाने करावी. मात्र ती पंपाच्या सोबतीने, पंपाच्या जागी नव्हे.

एक प्रस्ताव

भारतातील बारा केंद्रांवरील पाहणीने २०१२ साली पंधरा वर्षांवरील दमेकऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी ७२ लाख असल्याचा अंदाज दिला. त्यातील आपल्या वाट्याचे रुग्ण एका दवाखान्यात राहत नाहीत. आज निपाणी, उद्या कोल्हापूर, परवा मिरज किंवा बेळगाव, असा त्यांचा प्रवास असतो. कागल-गडहिंग्लजचे रुग्ण इकडे येतात, आपले तिकडे जातात. एका ठिकाणचे कागद मराठीत, दुसऱ्या ठिकाणचे कन्नडमध्ये, औषधांची नावे डॉक्टरी अक्षरात. महिने-वर्षे चालणारा उपचार या फेऱ्यात कुठेतरी गळून पडतो, आणि रुग्ण पुन्हा पुडीकडे वळतो. भाषेचा वाद न्यायालयात आणि विधिमंडळांत चालतो आहे, चालेल. श्वासाचा उपचार त्याच्यासाठी खोळंबून राहू नये.

म्हणून आपल्या संस्थेने मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत दम्याचे एक साधे कार्ड छापावे, असे मी सुचवतो. एका बाजूला रोजचा पंप, मात्रा, व्यवसाय, वावड्याची वस्तू आणि शेवटची फुंकर-चाचणी. दुसऱ्या बाजूला ठळक अक्षरांत दोन वाक्ये. 'तुमची प्रतिकारशक्ती कमी नाही. तिला आवर घालणाऱ्या पेशींना मदत करायची आहे, म्हणून बरे वाटले तरी पंप थांबवू नका.' खर्च फार नाही. एखाद्या औषध कंपनीच्या दिनदर्शिकेहून कमीच येईल, आणि कार्डावर कोणाची जाहिरातही नसावी.

पुढील वर्षीच्या स्मरणिकेत या पानावर दुसरा एखादा सदस्य लिहील. त्याने किती कार्डे वाटली गेली, वर्षभरानंतर किती रुग्ण पंपावर टिकून होते आणि किती टॉनिकच्या बाटल्या आपण लिहिल्या नाहीत, याचा हिशेब सभासदांपुढे ठेवावा, एवढी विनंती.